आळीतील जेवणाचा डबा आणि रस्त्यावर राहणारा शेजारी

खाडीकाठ

रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची आळी आहे. आळीत जुनी कौलारू घरे आहेत, आंब्याच्या धंद्यात सुस्थितीला आलेल्यांचे बंगले आहेत, दोन नव्या इमारती आहेत, आणि रस्त्याच्या टोकाला बंद पडलेल्या एका गोदामाच्या वळचणीला राहणारी काही माणसे आहेत. गेल्या दिवाळीपासून आळीतील काही घरांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घेतला असून, ज्या घराचा वार असेल त्या घरातून संध्याकाळचे जेवण वळचणीला जाते. ते जेवण उरलेले नसते. घरच्यांसाठी जे शिजते त्यातच चार मुठी तांदूळ जास्त पडतात.

कौतुक व्हावे म्हणून हा धागा काढलेला नाही. अन्न पोहोचते, डबे धुऊन परत येतात, परंतु त्यामुळे आळीतील माणूस आणि वळचणीतील माणूस एकमेकांचे शेजारी होतात का, हा माझा प्रश्न आहे. आमच्याकडे त्यांच्यापैकी कोणी अजून फाटकाच्या आत आलेले नाही आणि आमच्यापैकीही कोणी डबा ठेवून झाल्यावर तिथे रेंगाळत नाही. ज्यांच्या गावात, वाडीत किंवा संकुलात अशी पद्धत चालते, त्यांनी आपला अनुभव लिहावा. पैसे द्यावेत की अन्न द्यावे हा वाद शक्यतो टाळावा अशी विनंती आहे. तो टळणार नाही याची मला कल्पना आहे.

गलबत

आमच्या इमारतीत समोरच्या दारात राहणाऱ्या कुटुंबाचे आडनाव मला केवळ दारावरच्या पाटीमुळे ठाऊक आहे. ज्यांना दारच नाही त्यांच्याशी ओळख होण्याची पाळी आमच्याकडे बरीच उशिरा येईल.

सुरंगी

खाडीकाठताई, तुमच्या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे वळचणीला राहणारी माणसे कोण आहेत. आपल्या किनाऱ्यावर मुंबईसारखी पदपथावरची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती फारशी आढळत नाही. आमच्या मालवणकडे मला जी माणसे दिसतात त्यांत नौकांवर काम करणारे परप्रांतीय आणि नेपाळी खलाशी आहेत, चिरेखाणीवर काम संपल्यावर गावी न परतलेले कर्नाटकातील मजूर आहेत, आणि घरवाटणीनंतर कोणाच्याच वाट्याला न आलेल्या म्हाताऱ्या बायकाही आहेत. या तिघांची गरज एक नाही. नौकेवरचा खलाशी हंगामात उपाशी नसतो, कारण मजुरीखेरीज त्याला कालवणापुरती मासळी मिळते. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि त्या काळात ज्याला परतायला घर नाही तो खरा उघड्यावर पडतो. नेमका तोच काळ पावसाचा असतो, आणि दारात जाऊन कोणाला डबा देण्याचा उत्साहही त्याच काळात सर्वांत कमी असतो.

ओळखीविषयी विचाराल तर आमच्या घरी ती झाली, आणि ती मासळीमुळे झाली. माझ्या सासूबाई धक्क्यावरच्या एका वयस्क खलाशाला सकाळची पेज देत असत. हंगाम सुरू झाल्यावर तो कधी बांगडे, कधी मोरी, कधी नुसतीच कोळंबी पिशवीत घालून आणू लागला. सासूबाईंनी ती कधी नाकारली नाही, आणि पुढे तर त्या त्याला ‘पेडवे आणलेस, सौंदाळे का नाही आणलेस’ असे सुनावूही लागल्या. ज्या दिवशी त्या त्याच्यावर रागावल्या त्या दिवशी तो आमच्या घरचा झाला, असे मला वाटते.

आगर

सुरंगीताईंचा अनुभव हृद्य आहे, परंतु तो कमावत्या माणसाचा अनुभव आहे. त्याच्याकडे देण्यासाठी मासळी होती. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला रोज आयते जेवण दिले की देणाऱ्याचे मन हलके होते आणि घेणाऱ्याची स्थिती आहे तशीच राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे एका मंडळाने रोज रात्री खिचडी वाटायला सुरुवात केली. मंडळाची छायाचित्रे निघाली, वर्तमानपत्रात बातमी आली. आणि ज्या माणसाच्या हातात वाडगा होता त्याचा चेहरा त्याला न विचारता गावभर झाला. त्या गृहस्थाची बहीण त्याच तालुक्यात नांदत होती. आपला भाऊ भीक मागतो हे तिला आणि तिच्या सासरच्यांना त्या छायाचित्रातून समजले.

राज्य सरकारने १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर दिली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांत सुरू झाली आणि टाळेबंदीच्या काळात ती पाच रुपयांवर आली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असे ते जेवण आहे. मला ते घरगुती डब्यापेक्षा अधिक सन्मानाचे वाटते, कारण तिथे माणूस पैसे मोजून गिऱ्हाईक म्हणून बसतो. खाडीकाठ, तुमच्या घरांनी डब्याऐवजी अशा थाळीचे पैसे भरले तर काय बिघडेल?

खाडीकाठ

छायाचित्रांच्या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि आमच्या आळीत तसे काही होत नाही. थाळीचे केंद्र दुपारी ठरावीक वेळेतच चालते; आमचे जेवण रात्रीचे असते. शिवाय पैसे भरल्याने पोट भरेल, पण मी विचारलेली ओळख आणखी लांब जाईल.

वरवंटा

ओळखीचे पुढे पाहू, आधी अन्न विटू नये याविषयी कोणीतरी लिहायला हवे. मी अनेक वर्षे मोठ्या स्वयंपाकांचे काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या जेवणात ओल्या नारळाचे वाटण असते. वाटण लावलेली आमटी, मासळीची कढी, काजूची उसळ आणि सोलकढी हे सर्व पदार्थ किनाऱ्यावरच्या दमट हवेत फार लवकर आंबतात. दुपारी केलेले कालवण झाकून ठेवले आणि रात्री डब्यात भरले तर खाणाऱ्याला वास येण्याआधीच ते बिघडलेले असू शकते. भाताचे तर त्याहून अवघड आहे. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात वाढणारे काही जिवाणू असे विष तयार करतात की जे भात पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही, आणि भाताला वास किंवा तार सुटलेलीही नसते. म्हणून अन्न साठ अंशांच्या वर गरम तरी ठेवावे किंवा पाच अंशांच्या खाली थंड तरी ठेवावे. अधली-मधली स्थिती टाळावी. घरी पोट बिघडले तर आपण मोरीत जाऊन येतो आणि डॉक्टरांना दूरध्वनी करतो. वळचणीला राहणाऱ्याकडे मोरीही नसते, रात्री जवळ पिण्याचे पाणीही नसते. त्याचे पोट बिघडणे ही आपल्यापेक्षा कितीतरी मोठी आपत्ती असते.

वाटणाऐवजी कुळथाची पिठी करावी, भाकरी द्यावी, सुकी भाजी द्यावी, उकड्या तांदळाची पेज करायची तर ती उकळती असतानाच झाकणाच्या भांड्यातून न्यावी. शिजवण्यापासून खाण्यापर्यंतचे अंतर कमी ठेवणे हाच यातला मुख्य उपाय आहे, आणि खाडीकाठताईंच्या आळीत घरच्या जेवणातूनच डबा जातो हे त्या दृष्टीने सर्वांत चांगले आहे. लग्नकार्यातले किंवा हॉटेलातले उरलेले अन्न गोळा करून वाटायचे असेल, तर त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे स्वतंत्र नियम आहेत आणि वाटप करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते.

माडाखाली

रस्त्यावर सार्वजनिक फ्रिज ठेवण्याची कल्पना कोणी करून पाहिली आहे का? २०१६ मध्ये कोचीतील एका उपाहारगृहाने आपल्या दाराबाहेर असा फ्रिज ठेवला होता आणि ज्याला हवे त्याने त्यातून अन्न न्यावे अशी सोय केली होती. पुढे अनेक शहरांत तसे फ्रिज उभे राहिले.

गलबत

आमच्याकडे मृग लागला की वीज जाते आणि कधीकधी दुसऱ्या दिवशी येते. आमच्या घरातला फ्रिज पावसाळ्यात कपाट म्हणूनच वापरला जातो. सार्वजनिक फ्रिजमध्ये वरवंटाभाऊंचे ते विषारी भात तयार करण्याचा कारखाना निघेल.

वरवंटा

गलबत यांनी थट्टेत लिहिले असले तरी मुद्दा खरा आहे. त्याशिवाय फ्रिजमुळे देणारा आणि घेणारा एकमेकांना भेटतच नाहीत. ज्याला मागताना संकोच वाटतो त्याच्यासाठी ते चांगले आहे, परंतु या धाग्याचा विषय त्याच्या नेमका उलट आहे.

पाटाची घडी

एक प्रसंग सांगते. आमच्या संकुलातून एका वृद्ध गृहस्थांना आम्ही मुगाची खिचडी देत असू. काही दिवसांनी त्यांनी डबा परत केला आणि अतिशय सौम्यपणे सांगितले की, ‘मी आजारी नाही.’ आमच्यातील एक बाई रागावल्या. रस्त्यावर राहणाऱ्याने आवडीनिवडी सांगाव्यात हे त्यांना मान्य नव्हते. दुसऱ्या एकींनी विचारले तेव्हा गृहस्थ म्हणाले की आपण हर्णैकडचे आहोत आणि तांदळाची भाकरी व सुक्या जवळ्याची चटणी मिळाली तर फार बरे वाटेल. ती त्यांना मिळाली. त्यानंतर त्यांच्याविषयी संकुलात जे बोलणे होई ते ‘तो भिकारी’ असे राहिले नाही. ‘हर्णैचे काका’ असे झाले. मला वाटते, एखाद्याला काय आवडते हे आपल्याला कळले की तो आपोआप कोठल्या तरी गावचा होतो.

आगर

आणि रागावलेल्या बाईंचे पुढे काय झाले?

पाटाची घडी

त्या शाकाहारी आहेत, त्यामुळे जवळ्याच्या दिवशी त्या खिडक्या लावून घेतात. मात्र त्यांच्या वाराला त्या फणसाची भाजी पाठवतात आणि ती काकांना आवडते की नाही हे दुसऱ्यांकडून काढून घेतात.

दर्यावरचा वारा

चर्चा भाकरीवर आली आहे तर मला थोडे मागे जायचे आहे. आपल्या भागात अन्न देण्याची परंपरा कधीच कमी नव्हती. माधुकरी होती, वार लावून जेवणारे विद्यार्थी होते, देवळातले महाप्रसाद आजही आहेत. आंगणेवाडीच्या जत्रेतला प्रसाद तर सर्वांना ठाऊक आहे. अडचण देण्याची नव्हती, पंक्तीला बसण्याची होती. कोकणातल्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले, आणि तो सत्याग्रह पाणी कमी होते म्हणून झालेला नव्हता. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी उभारलेले पतितपावन मंदिर १९३१ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, तिथे सहभोजने झाली आणि त्या सहभोजनांना शहरातून कडाडून विरोधही झाला. अन्नदानाला मात्र त्याच शहरात कोणाचीही हरकत नव्हती.

म्हणून माझे मत असे की डबा फाटकाबाहेर नेऊन देणे ही जुन्याच पद्धतीची पुढची आवृत्ती आहे. देणारा उंबऱ्याच्या आत आणि घेणारा बाहेर, ही मांडणी तशीच राहते. ज्या दिवशी दोघे एकाच ओळीत बसतील त्या दिवशी खाडीकाठताईंच्या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

पडवी

दर्यावरचा वारा यांचा पंक्तीविषयीचा मुद्दा मला पटतो, परंतु वाराच्या जेवणाचे नाव त्यात नुसते ओघात घेऊन चालणार नाही. माझे आजोबा वारावर जेवून शिकले. कोणत्या घरी ताटात आमटी आधी पाणी घालून येत असे, कोणत्या घरी जेवणाआधी पाणी भरून द्यावे लागे, कोणत्या घरी यजमान जेवून उठेपर्यंत पडवीत थांबावे लागे, हे ते म्हातारपणीसुद्धा घरांच्या नावांसकट सांगत. तिथे रोजची भेट होती, नाव ठाऊक होते, वर्षानुवर्षे येणे-जाणे होते. तरीही त्या ओळखीत कमालीचा अपमान होता. एका घराविषयी मात्र ते वेगळे बोलत. त्या घरातील गृहिणी त्यांना मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी विचारत असे आणि सुटीत गावी जाताना चिवड्याची पुडी बांधून देत असे. त्या घरात त्यांच्याकडेही काहीतरी होते, असे तिने धरले होते.

तेव्हा ठरलेला वार असला की नाते जुळते असे मानू नये. वारामुळे फक्त नियमितपणा येतो.

बाजारपूल

मी चिपळूणचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत आणि घरांच्या पहिल्या मजल्यांवर शिरले, तेव्हा बंगला असलेला आणि बंगल्याच्या कुंपणाला प्लॅस्टिक बांधून राहणारा असे दोघेही एकाच वेळी चुलीविना झाले. धान्य गेले, सिलिंडर वाहून गेले, विहिरींत चिखल भरला. आसपासच्या गावांतून आणि घाटावरून जेवणाच्या गाड्या आल्या, आणि आमच्यासारखी माणसे आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभी राहिली. माझ्या पुढे आमच्याच दुकानाच्या पायरीवर रात्री झोपणारा माणूस होता. त्याला अशा रांगेची सवय होती. मला हात कसा पुढे करावा ते सुचत नव्हते. त्याने मला खुणेने पत्रावळ दोन्ही हातांत धरायला सांगितले, नाहीतर वरण सांडते म्हणाला.

आगर म्हणतात तसे आयत्या जेवणाने माणूस आळशी होतो की नाही, हे मला ठाऊक नाही. त्या आठवड्यात आमच्या पेठेतील कोणीही आळशी झाला नाही. चिखल काढण्याचे काम सुरू झाले तेव्हा तो माणूस आमच्या दुकानात होता, त्याने मजुरी घेतली, आणि दुपारी आम्ही सर्व जण फळीवर एकत्र जेवलो. आज तो पायरीवर झोपत नाही, गोदामात झोपतो आणि रात्रीची राखण करतो. मात्र हेही लिहायला हवे की त्याच पेठेतील पुष्कळ दुकानांत सर्व पुन्हा पूर्वीसारखे झाले. पुरात रांगेत उभे राहिलेलेच आज पायरीवर पाणी ओततात, कोणी झोपू नये म्हणून.

आगर

बाजारपूल, तुमच्या उदाहरणात नाते मजुरीमुळे टिकले, जेवणामुळे नाही. मी सुरुवातीपासून हेच म्हणत आहे.

बाजारपूल

मजुरी मी त्याला दिली कारण रांगेत त्याच्याशी बोलणे झाले होते. त्याआधी कितीतरी वर्षे तो माझ्याच पायरीवर झोपत होता आणि माझ्याकडे कामही होते.

फलाट

मी कोकण रेल्वेच्या एका स्थानकाजवळ राहतो. हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. लांब पल्ल्याच्या गाड्यांतून दूरदूरच्या राज्यांतले, मानसिक आजाराने घर सुटलेले लोक आमच्या स्थानकावर उतरतात. त्यांना आपले नाव सांगता येत नाही, मराठी किंवा हिंदी येत नाही, आणि प्रेमाने दिलेला डबाही ते कधी फेकून देतात. अशा माणसाशी ओळख वाढवण्याच्या गोष्टी केवळ जेवणाच्या आधारावर करू नयेत. त्याला उपचार हवे असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणे आणि तपासणीसाठी आरोग्य केंद्रात नेणे हे त्या हद्दीतील पोलीस ठाण्याचे कर्तव्य ठरवले आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था याच लोकांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. सिंधुदुर्गात पणदूरचा संविता आश्रमही निराधारांना आसरा देतो.

असे असले तरी डब्याचा येथे एक उपयोग आहे. रोज एकाच वेळी एकच माणूस जेवण घेऊन गेला तर दोन-तीन आठवड्यांनी ती व्यक्ती त्याला ओळखू लागते आणि उपचारासाठी न्यायला आलेल्या गाडीत बसायला तयार होते. आमच्याकडे चहावाल्याने हे काम केले आहे, तेही कोणत्याही मंडळाचे नाव न लावता.

गावठाण

कायद्याचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील अनेक कलमे दिल्लीपुरती रद्द केली, आपल्याकडे तसे झालेले नाही. आळीतील एखाद्याने तक्रार केली तर वळचणीतील माणसाला उचलून नेण्याला आधार सापडतो, आणि अनेकदा तक्रार करणाऱ्याचा आक्षेप डब्यावरच असतो, कारण ‘तुम्ही जेवायला घालता म्हणून ते येथे राहतात’ असे त्याला वाटते.

रात्रनिवाऱ्याचे गणितही पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांनंतर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हे सूत्र रूढ झाले. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहराची लोकसंख्या सुमारे ७६ हजार होती. चिपळूण, मालवण, सावंतवाडी, अलिबाग ही शहरे त्याहून लहान आहेत. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक गाव या सूत्राच्या चाळणीतून खाली गळून जाते, आणि बेघराला आसरा कोठला तर गोदामाची वळचण किंवा देवळाचा सभामंडप. मोठ्या शहरात जे काम निवारा करतो ते येथे शेजाऱ्यांवरच येऊन पडते, मग त्यांना ते हवे असो वा नसो.

माडाखाली

सभामंडप म्हणालात, मला तर गावोगावची बंद घरे आठवतात. आमच्या वाडीत दिव्यांपेक्षा कुलुपे जास्त आहेत. चाकरमानी गणपतीला येतात, शिमग्याला येतात, उरलेले वर्ष घरात वटवाघळे राहतात. एकीकडे माणसे वळचणीला आणि दुसरीकडे सहा खोल्यांची घरे मोकळी, हे मला नेहमी विचित्र वाटते.

गलबत

आमच्या मूळ घराच्या उताऱ्यावर इतकी नावे आहेत की त्या सर्वांची संमती घ्यायला पंगत बसवली, तर बेघरांसाठी पानच उरणार नाही. कौले बदलायची की नाही यावर सामाईक हिस्सेदारांचे एकमत होण्यापूर्वी कौले आपणहून खाली आली.

माडाखाली

घर देऊ नका, निदान विहिरीवरचा पंप आणि मागीलदारची चूल वापरू द्या, इतकेच माझे म्हणणे आहे. आमच्या वाडीत एका बंद घराच्या मागीलदारी कातकरी कुटुंब पावसाळ्यात राहते. घरमालक मुंबईहून फोन करून त्यांनाच विचारतात की पाणी कितपत चढले आणि फणस किती लागलेत.

गावठाण

माडाखाली यांनी चुलीचा उल्लेख केला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीला दरमहा पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून तर ते विनामूल्य आहे, आणि एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे ते दुसऱ्या राज्यातही उचलता येते. परंतु ज्याला चूल नाही त्याने कच्चे तांदूळ घेऊन करायचे काय? आमच्याकडे एका माणसाकडे शिधापत्रिका होती, तो धान्य उचलून दुकानदाराला पडत्या भावात विकत असे. लोक त्याला नावे ठेवत. आता तो तेच तांदूळ एका घरात देतो आणि त्या घरातून त्याला रोज शिजलेले जेवण मिळते. आगरभाऊ, तो दान घेत नाही, तांदूळ त्याचेच आहेत. त्याचे बोलणे-चालणे यामुळे बदलले आहे. भात मऊ झाला तर तो तक्रार करतो.

आगर

हा प्रकार मला मान्य आहे. मात्र ज्याच्याकडे शिधापत्रिकाच नाही त्याचे काय? बहुतेकांची नावे भावांनी गावच्या पत्रिकेतून कमी करून घेतलेली असतात.

गावठाण

मग आळीतील सुशिक्षित घरांनी डब्याबरोबर तेही काम करावे. तहसील कार्यालयात अर्ज घेऊन उभे राहणे हे खिचडी शिजवण्यापेक्षा कंटाळवाणे आहे म्हणून ते कोणी करत नाही.

पडवी

धागा खूप फिरून आला. खाडीकाठताई, तुमचा प्रश्न ओळख होते का हा होता. इतक्या प्रतिसादांनंतर तुम्हाला काय वाटते?

खाडीकाठ

सर्वांचे प्रतिसाद मी वळचणीतील एका मावशींना वाचून दाखवावेत असे ठरवले होते. मी आणि शेजारच्या काकू डबा देऊन तेथेच कट्ट्यावर बसलो आणि गोष्टी निघाल्या. मावशींना पतितपावन मंदिराचे सहभोजन ठाऊक नव्हते, मात्र पाणी ओतलेल्या पायऱ्यांविषयी त्यांच्याकडे बाजारपूल यांच्यापेक्षा अधिक माहिती होती, कोणत्या दुकानदाराने कोणत्या वर्षी सुरुवात केली त्यासकट. त्यांच्या शेजारी राहणारा एक गृहस्थ पूर्वी ट्रॉलरवर स्वयंपाकी होता, हे आम्हाला त्या संध्याकाळी समजले. इतके महिने आम्ही ज्याला पिठी-भात पाठवत होतो, तो एका वेळी पंधरा-वीस माणसांचे कालवण करणारा निघाला. आमच्या पिठीविषयी त्याचे मत त्याने विचारल्यावरच सांगितले, आणि ते फारसे चांगले नाही.

दर्यावरचा वारा आणि गावठाण यांचे मुद्दे एकत्र करून एक बेत ठरतो आहे. महिन्यातून एका रविवारी आमच्या मागीलदारच्या चुलीवर तो स्वयंपाक करील, तांदूळ ज्यांच्याकडे शिधा आहे ते आणि आम्ही मिळून घालू, आणि जेवायला सर्व जण अंगणात एकाच ओळीत बसतील. इमारतींतील दोन कुटुंबांनी येणार नाही असे कळवले आहे. एका कुटुंबाने आपला वार चालू ठेवू पण पंगतीला येणार नाही असे सांगितले आहे. त्यांच्यावर कोणी दबाव आणणार नाही. ओळख झाली असे मी आज लिहिणार नाही. त्यांना आमची ओळख बरीच आधीपासून होती, एवढे मात्र त्या संध्याकाळी कळले. कोणाच्या घरी कोणत्या दिवशी भांडण होते तेही त्यांना ठाऊक आहे.

सध्या अडचण अशी आहे की पहिला रविवार जूनमध्ये येतो आहे. मासेमारी बंद, अंगणात पाऊस. स्वयंपाकी म्हणतो की मासळीशिवाय तो चुलीला हात लावणार नाही.

सुरंगी

बंदी यांत्रिक नौकांची असते. खाडीतली आणि गळाने पकडलेली मासळी जूनमध्येही थोडीफार मिळते, पण तिच्या भरवशावर पंगत बसवू नका. मेअखेरीस सुके बांगडे, सोडे आणि जवळा भरून ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे त्यावरच चालते. जेवायला अंगणाऐवजी पडवी वापरा.

वरवंटा

सोडे आणि कच्च्या कैरीचे कालवण करावे, त्यात नारळ कमी लागतो. मात्र इमारतीतील मंडळींना सुक्या मासळीचा वास चालणार आहे का, हे आधी विचारून ठेवावे. आमच्याकडे त्यावरून विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली होती आणि ती चहापानासह रात्री उशिरापर्यंत चालली.